म्हात्रेकाका चपला काढतात तेव्हा

काका,

"चार दिवस द्या, भरतीचा पानी बगून सांगतो," असं म्हणून तुम्ही जिना उतरलात. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी तुमच्याच नंबरवरून आला, पण बोलणाऱ्या काकी होत्या. मी फोन उचलून आधी काय म्हणाले, माहीत आहे? "काका, एक दिवस उशीर झाला तुम्हाला." काकींनी माझं बोलणं संपू दिलं, मग सांगितलं.

आज बारावा दिवस. मला शोकसभेतलं बोलता येत नाही. पत्रक लिहिता येतं. वर मथळा, खाली मुद्दे, शेवटी 'नागरिकांनो, जागे व्हा'. कॉलेजपासून हेच करत आलेय आणि नागरिक झोपलेले नसतात, नुसते दमलेले असतात, हे कळायलाच मला बरीच वर्षं लागली. आता मीही दमलेय. तेव्हा हे कुठे पत्रकासारखं वाजलं तर चालवून घ्या. तुम्ही माझं बरंच काही चालवून घेतलंत.

तुम्ही घरं दाखवायचात. खारी गावात रस्त्याला लागून तुमचा गाळा, त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या दुसऱ्यांच्या घरांच्या चाव्या. मी तुम्हाला दलाल म्हणायची. तोंडावर म्हणायची. तुम्ही हसायचात आणि पाटीवर बोट ठेवायचात, 'इस्टेट एजंट'. आई काका म्हणायची, म्हणून शेवटी मीही म्हणायला लागले.

आईला घर हवं होतं. त्यात विशेष काही नाही, इथे सगळ्यांनाच हवं असतं. पण आईचं हवं असणं तुम्ही पाहिलंत तसं फार थोड्यांनी पाहिलं. हॉस्पिटलात आयाचं काम करून ती घरी यायची ते भाड्याच्या घरात. बाबा गेल्यापासून आम्ही किती घरं बदलली ते आमच्या गोदरेजच्या कपाटाला विचारावं. त्याचा प्रत्येक कोपरा कुठल्या ना कुठल्या जिन्यात चेपलाय. आईने इतक्या वर्षांत एकाही भिंतीत खिळा ठोकला नाही. कॅलेंडर कपाटाच्या मुठीला सुतळीने बांधायची. "दुसऱ्याची भिंत आहे," म्हणायची.

पहिलं घर तुम्ही दाखवलंत ते टॉवरमधलं. लिफ्टमध्ये आरसा होता. तुम्ही कुलूप उघडलंत, दार ढकललंत आणि तिथेच थांबलात. "माजा गुडगा धरलाय. तुमी बगून या, मी हितंच उभा हाय." आई आत गेली. बाल्कनीत एकदा, स्वयंपाकघरात एकदा, असं डोकावून बाहेर आली आणि म्हणाली, "नको."

मी भडकले. अर्धा दिवस सुट्टी टाकून आले होते. "दोन मिनिटांत नको? अगं, नीट बघ तरी!"

"बघितलं," आई म्हणाली. तुम्ही कुलूप लावत होतात. तुमच्याकडे तिने पाहिलं, तुम्ही तिच्याकडे पाहिलंत नाही.

दुसऱ्या घरालाही गुडघा धरला. तिसऱ्या घरी मात्र तुम्ही दाराबाहेर चपला काढल्यात, आत गेलात, स्वयंपाकघरातला नळ सोडून त्याखाली हात धरून उभे राहिलात. तुमचा गुडघा घर बघून दुखतो, यात मला काहीही वावगं वाटलं नाही. मी म्हणे अन्यायाला वाचा फोडणारी. डोळ्यांसमोरचं वाचता येत नव्हतं.

त्या तिसऱ्या घरात आई तासभर रमली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, इथे तुळस जगेल. आणि मी कागद मागितले. ओसी नव्हती. बिल्डिंग राहायला योग्य आहे हा पालिकेचा दाखला नसताना लोकांना घरं विकतात, आणि लोक घेतात, आणि मग वर्षानुवर्षं टँकरचं पाणी पितात, यावर मी तिथल्या तिथे भाषण दिलं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज छान घुमत होता.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "कागुद येल, पोरी. आज न्हाय तर उद्या येल. खालची जमीन बदलनार न्हाय."

"जमिनीचं काय?"

"जमीन चांगली हाय येवढंच बोललो."

घर गेलं. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. माझं आजही म्हणणं आहे की कागद नसताना घर घ्यायचं नाही. तेवढ्यासाठी मी वाकणार नाही. पण पुढच्या वर्षी त्या बिल्डिंगला ओसी आली, काका. तुम्ही हे मला कधी बोलून दाखवलं नाहीत. मीच सांगतेय.

आता ते पत्रक.

आम्हा कार्यकर्त्यांच्या समितीने 'घर घेण्यापूर्वी हे वाचा' असं एक मोठं पत्रक काढलं. कागदांची यादी मी केली होती आणि ती चांगली होती. पण नुसती यादी कोण वाचतं? थोडा मसाला हवा म्हणून मी मागच्या पानावर चौकट टाकली. 'असा दलाल ओळखा.' त्यात लिहिलं होतं: 'जो स्वतः विकत असलेल्या घरात पाऊलसुद्धा टाकत नाही! दारात चपला घालून उभा राहतो आणि गुडघ्याचं कारण सांगतो! ज्याला घर दाखवण्याचाही कंटाळा, तो तुमची काळजी काय घेणार?' तुमचं नाव नव्हतं. गरजच नव्हती. खारीपासून सिल्व्हर पार्कपर्यंत प्रत्येकाला कळलं.

सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावर आम्ही टेबल मांडून वाटत होतो तेव्हा तुम्ही आलात. चष्मा लावलात, उभ्याने सगळं वाचलंत, मागचं पानसुद्धा. मला वाटलं आता शिवी येणार. मी तयार होते, मला भांडणं आवडतात. तुम्ही कागदाची चौपदरी घडी घालून वरच्या खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "छपाई चांगली हाय. घेऊन जातो."

त्या रात्री मी समितीत सांगितलं की दलालाची बोलती बंद झाली. सगळे हसले. खरोखरच झाली होती, ते मला दीड वर्षाने कळलं.

नसरीन समितीकडे तक्रार घेऊन आली तेव्हा. तळमजल्यावरचा फ्लॅट, नवी बिल्डिंग, नवी नवरी. उधाणाच्या भरतीला पावसाने गाठलं की हिच्या बाथरूमच्या जाळीतून गटाराचं पाणी उलटं वर यायचं. पलंगाखाली विटा लावून संसार चालला होता. फाइल घेऊन आली आणि माझ्यासमोर एकेक कागद मांडत गेली. ओसी होती. सगळं होतं. माझ्याच यादीवर तिने पेन्सिलने खुणा केल्या होत्या. ओळीने सगळ्या बरोबर.

"मग घेतलंस कसं? बघितलं नाहीस का नीट?" मी तोंड उघडलं ते असं. पीडितालाच दटावायचं, ही सवय कार्यकर्त्यांना लवकर लागते.

ती म्हणाली, "दीदी, दो चीज़ देखी थी मैंने. आपका पर्चा और अंकल की चप्पल."

"कसली चप्पल?"

"म्हात्रे अंकल की. मेरी बड़ी बहन ने बोला था, अंकल चप्पल उतार के अंदर आएँ तो आँख बंद करके ले लेना. बाहर खड़े रहें तो वापस आ जाना. सबको पता है. आपको नहीं पता?"

मी घरी आले. आई भाजी निवडत होती. मी तिला विचारलं, तर तिने मान वर केली आणि खरंच आश्चर्याने म्हणाली, "तुला माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या घरापासून. बायका हॉस्पिटलात पण बोलायच्या. मला वाटलं, तुला कळलं असणार, तू एवढी हुशार."

"मग पत्रक छापलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला दाखवलंस कधी? छापून झाल्यावर हातात दिलंस. वर म्हणालीस, वाटायला ये."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या गाळ्यात आले. तुम्ही चहा मागवलात. मी बसले नाही.

"काका, बोलला का नाहीत?"

"कुनाला?"

"मला! पत्रक वाचलंत तेव्हा!"

तुम्ही बशीत चहा ओतलात. "तुला सांगितला असता तर तू तेपन छापला असतास."

मला हसू आलं नाही तेव्हा. आता येतं. आणि मग दुसरं काहीतरी येतं.

तुम्ही सांगितलंत ते मी एकदाच ऐकलं, पण पाठ आहे. पत्रक बिल्डरच्या ऑफिसात पोचलं. तिथल्या माणसाने तुम्हाला बोलावून सांगितलं, काका, अब से अंदर जाने का, नल खोल के दिखाने का. सगळ्या घरात. तेव्हापासून तुम्ही सगळीकडे चपला काढायला लागलात. नसरीनच्या घरातही. गटारावर बांधलेल्या त्या घरात तुम्ही अनवाणी उभे राहिलात आणि नळाखाली हात धरलात, आणि ती पोर दारात आनंदाने नवऱ्याचा हात दाबत होती, हेही तुम्ही पाहिलंत.

"मी तोंडानं कदी बोललोच न्हाय," तुम्ही म्हणालात. "पायानं बोलायचो. तू पाय बांदलास."

मला रडायला यायला हवं होतं. मला राग आला. "धंदा सोडता आला असता! तोंड होतं ना? तिला जिन्यात गाठून सांगता आलं असतं!"

"आला असता," तुम्ही म्हणालात. "न्हाय सांगितला."

तुमची हीच गोष्ट मला सोसत नव्हती, काका. तुम्ही स्वतःला सोडवायचाच नाहीत. भांडायला समोर कोणी उरायचंच नाही. नसरीनच्या त्या घरासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे इथेच लिहून ठेवते. माणूस गेला की त्याचं सगळंच चांगलं होतं, अशी माझी पद्धत नाही. मला तरी कोणी माफ करू नये. दोघांनी मिळून तिला त्या घरात घातलं. अर्धं मी कागदाने, अर्धं तुम्ही पायाने.

पण पुढच्याच आठवड्यात तुम्ही एक प्लंबर घेऊन तिच्याकडे गेलात आणि बाहेरच्या लाइनीला झडप बसवून घेतलीत, पाणी उलटं चढू नये म्हणून. दिवसभर त्या चेंबरपाशी उन्हात उभे होतात. हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, नसरीनने सांगितलं. विटा अजून आहेत पलंगाखाली. "आदत हो गई," म्हणते.

तुम्हाला कुठली जमीन कशी आहे हे ठाऊक असायचं कारण मी त्या दिवशी विचारलं. तुम्ही खिडकीतून बोट केलंत. इथे मिठागर, तिथे तुमच्या बापाचं शेत, पलीकडे खाजण, म्हणजे भरतीला पाण्याखाली जायची ती जमीन. मग डंपर आले. डेब्रिज, माती, कचरा, सगळा भराव पडला. आणि डंपर मागे घेताना कोणीतरी उभं राहून हात दाखवावा लागतो.

"तो मी व्हतो. सतरा-अठरा वर्षांचा असंन. ये, ये, ये, बस्स. रोजचा भत्ता मिलायचा. खाली काय काय पुरलाय ते मला ठाव हाय, पोरी. वर कागुद काय बोलतो ते तुला ठाव."

मग आपला कायमचा वाद सुरू झाला. मी म्हटलं, यादी द्या. कुठल्या बिल्डिंगखाली काय आहे, नावानिशी. आम्ही छापतो. तुम्ही म्हणालात, न्हाय. दर दोन-तीन आठवड्यांनी मी यायची, तुम्ही चहा मागवायचात, आणि आपण तिथूनच पुढे भांडायचो.

"काका, तुम्ही लपवताय."

"त्यात मानसं ऱ्हातात, त्यांचा काय? तू यादी छापलीस का त्यांची घरं उद्या कोन घेल? आजारपन आला, पोरीचा लगीन आला, तर विकायचा काय त्यांनी?"

"म्हणजे एकाने फसायचं आणि मग त्याने दुसऱ्याला फसवायचं?"

"मी असा बोललो का?"

"मग काय बोललात?"

"च्या घे. थंड होतंय."

मला अजून वाटतं यादी हवी होती. तुम्ही गेलात आणि ती तुमच्याबरोबर गेली, आणि आता या शहराखाली काय आहे हे सांगणारे किती उरलेत, मला माहीत नाही. टॉवरच्या जाहिरातीत खाडी निळी दाखवतात. पाणी निळं नाही आणि खाडी समोर नाही, खाली आहे. हे लिहायला हात शिवशिवतो. पण नसरीनचं घर विकायला निघालं असतं तर मी त्या यादीत तिच्या बिल्डिंगचं नाव घातलं असतं का? तुम्ही हा प्रश्न विचारलात तेव्हा मी चहा प्यायले. तो वाद तसाच राहिला. आपल्यातला एकही वाद कोणी जिंकला नाही.

आणि आता शेवटचं घर.

भाड्याच्या घराचा मालक म्हणाला, मुलाचं लग्न ठरलंय, महिनाअखेर खाली करा. आई तुमच्याकडे एकटी गेली. मला नंतर सांगितलं. तुम्ही तिला खारी गावातच, तुमच्या घरापासून पाच मिनिटांवरची एक जुनी चार मजल्यांची बिल्डिंग दाखवायला नेलंत. मी मागून धावत आले. दुसरा मजला, लिफ्ट नाही, भिंतीचा रंग गेलेला. कागद मी जिन्यातच पाहून घेतले. ओसी जुनी, साफ. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर केलेली नाही तेवढं सोडलं, तर सगळं जागेवर. त्यासाठी लढता येतं, ते माझं काम.

तुम्ही कुलूप उघडलंत आणि चपला काढल्यात.

आईने तुमच्या पायांकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आता तुम्ही सगळीकडेच काढता. त्या चपलांना आता काही अर्थ नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती एवढीशी नजर मी आयुष्यभर सांभाळणार आहे. माझ्या आईला एका घराबद्दल खरं काय ते एका नजरेत कळत होतं, आणि मी ते तिच्यापासून छापून काढून घेतलं होतं.

ती हॉलच्या मध्यावर पर्स छातीशी धरून उभी राहिली. "काका, तुम्हीच सांगा. मला आता चूक करून परत हलायचं नाही. कपाट नाही हलणार माझ्याने."

"मावशींना स्पष्ट सांगा, काका," मी म्हटलं. घाबरले की मी आईला मावशी म्हणते, मोर्चातल्या कुणाही बाईसारखी. "हवं तर लिहून द्या."

तुम्ही हसलात. "ही बग. देवानं इचारला, काय पायजे, तर ही बोलंल लेखी द्या." मग आईला म्हणालात, "जमीन जुनी हाय. शेताचा बांध व्हता हितं. पन गटार नवीन केलाय रस्त्याला, त्याचा मला ठाव न्हाय. चार दिवसांनी मोठी भरती हाय. बगतो आनि सांगतो. तोंडानं सांगतो."

तोंडाने. पहिल्यांदाच. आईने मान हलवली. जिना उतरताना तुम्ही दोनदा थांबलात, कठड्याला धरून. मला वाटलं, गुडघा. तुमचा गुडघा म्हटलं की खोटा, इतकं माझं पक्कं झालं होतं. बरं नाही का, एवढंही मी विचारलं नाही.

काकींना भेटायला आई आणि मी तिसऱ्या दिवशी आलो, आणि परवा दहाव्यानंतर परत. परवा काकी जरा बोलल्या. त्यांनी गणपतीच्या फोटोमागून माझी पत्रकं काढून दाखवली. सगळी होती. चौकटीवालंसुद्धा, चौपदरी घडीचं.

मग म्हणाल्या, "जायच्या आदल्या दिसाला दुपारचं जेवून गेले, ते संध्याकाली आले. पाठ सगली पांढरी. चुना लागलावता शर्टाला, मानंपासून खालपरत. म्या बोलले, या वयात कुठं लोळून आलाव? तर बोलतात कसे, भिंतीला टेकलो. भिंतीला टेकून केसांना चुना लागतो का कुनाच्या?" त्या हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. "शर्ट तसाच हाय. धुतला न्हाय."

आई माझ्याकडे बघत होती. मी आईकडे.

काल आम्ही त्या घरी गेलो. किल्ली शेजारच्या हंसाबेनकडे असते, घरमालक सुरतला. हंसाबेनने दार उघडलं, हाताला पीठ. "काका के साथ आए थे ना आप लोग? बहुत बुरा हुआ. मी तर ऐकलं आणि खालीच बसली."

आईने विचारलं, "नंतर ते परत आले होते का?"

"आले ना! गेले त्याच्या एक दिवस पहले. दुपारी. पहिला नीचे गेटवर उभे होते, गटार बघत. कितना टाइम! मी वरून बोलली, काका, काय पडलं काय तुमचं? तर बोले, नहीं बेन, पानी चढ़ता है क्या देख रहा हूँ. मग वर आले, चावी घेतली." पदराला हात पुसत ती आमच्यासाठी कुलूप काढायला लागली. "मी बोलली, दहा मिनिटांनी चाय देते. चाय घेऊन गेली, तर काका सो गए थे."

"झोपले?"

"अरे हाँ! यहाँ, हॉलमध्ये, खाली लादीवर. चादर नाही, पंखा नाही. चप्पल बाहेर. सगळा चुना पडलाय वरून, त्याच्यावरच. आणि खर्राटे! मी घाबरली पहिले. मग बघितलं, पोट हलतंय. चाय परत घेऊन गेली. दोन तास झोपले, बोलो!"

चाव्यांच्या त्या भिंतीसमोर तुम्ही वीस वर्षं बसलात, काका. वीस वर्षांत तुम्ही दाखवलेल्या घरात कोणी तुम्हाला खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. पाणी दिलं तर उभ्याने प्यायचात.

"उठल्यावर काही बोलले?" मी विचारलं.

"पानी कितने बजे आता है पूछा. मी बोलली, सकाळी सहा. बोले, ठीक. मग हे बोले," हंसाबेनने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जरा संकोचली. "बोले, बेन, एक बाई आएगी इधर रहने. बहुत अच्छी है. उसकी एक बेटी है, झगड़ा करती है. सँभाल लेना."

आई आत गेली होती. तिच्या चपला दाराशी होत्या, एक उलटी पडलेली, घाईत काढल्यासारखी. ती हॉलमध्ये तुम्ही झोपला होतात तिथे कुठेतरी उभी होती. चुन्याच्या धुळीत तिथे मोठा पुसट पट्टा पडला होता, पुसल्यासारखा. त्या पट्ट्यावर तिने पाय ठेवला नाही, कडेकडेने गेली. खिडकीशी पोचली. पर्स कट्ट्यावर ठेवली आणि भिंतीवरून तळहात फिरवत राहिली, खिळा कुठे बसेल ते बघत असावी.

दुरुस्ती, काका. पत्रकात चूक झाली की पुढच्या पत्रकात छापतात. तुम्ही असताना छापता येत नव्हती, छापली असती तर तुमचा धंदाच गेला असता. आता छापते. 'आमच्या पत्रकात ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते खारीचे म्हात्रेकाका वाईट घराच्या दारात थांबत, कारण त्यांना त्या घराची लाज वाटे. चांगल्या घरात ते आत जात. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पत्रक लिहिणारीला सोडून.' एवढंच. याला मथळा सुचत नाही.

काल आई आत गेली तरी मी तिथेच होते, उंबऱ्याबाहेर, पायात बूट, खांद्याला पत्रकांची बॅग. डोळे पुसत होते, म्हणून आत जात नव्हते. जिन्यावरून वरच्या मजल्याच्या दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन चढत होत्या. त्या थांबल्या. माझ्या पायांकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे, मग एकमेकींकडे.

आतून आई म्हणाली, "अगं, दारात काय उभी राहिलीस? लोक काय समजतील?"

मी बूट काढले.